दोष की दुखणे?

२०१७ सालच्या उत्सवातील गोष्ट. आमच्या गावच्या देवळात, सभामंडपात, कीर्तन चालू होते. पूर्वरंग संपत आला होता आणि श्रोते रंगले होते. एवढ्यात एक आठ वर्षांचा मुलगा, जो तोवर तीनदा उठला होता आणि तीनदा बसविला गेला होता, तो चौथ्यांदा उठला, खांबाला वळसा घालून धावत सुटला आणि त्याचा पाय लागून समई कलंडली. तेल जाजमावर पसरले. कोणास इजा झाली नाही; परंतु कीर्तन थांबले. मुलाच्या वडिलांनी सर्वांदेखत त्याला दोन थोबाडीत दिल्या. आम्ही शेजारीच बसलो होतो. कोणी विचारले नसता आम्ही म्हणालो, "योग्य केलेत. मुलाला धाक हवाच."

पुढल्या वर्षी तेच गृहस्थ एका संध्याकाळी आमच्या घरी आले. मधल्या काळात त्यांनी काय काय केले ते त्यांनी सांगितले. आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. देवीचा प्रसाद घेतला. पाकळी उजवी पडली. शाळेतून चिठ्ठ्या येतच राहिल्या. शेवटी एका शिक्षिकेच्या सांगण्यावरून त्यांनी मुलाला शहरातील बालमनोविकारतज्ज्ञाकडे नेले. डॉक्टरांनी दोन-तीन भेटींनंतर जे निदान केले, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एडीएचडी' म्हणतात. मराठीत 'अवधान-न्यूनता व अतिचंचलता' असे म्हणता येईल. औषधाचा कागद पुढे ठेवून ते म्हणाले, "वकीलबाब, हे दुखणे असेल, तर मी त्याला मारले ते पाप झाले. आणि दुखणे नसेल, तर आता रोज गोळी देईन ते पाप होईल. दोहोंपैकी काय धरू, ते तुम्ही सांगा."

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही, कारण आम्हांस ते ठाऊक नव्हते. पुढे या विषयावर वाचले, जाणत्या डॉक्टरांशी बोललो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. असे एखादे मूल प्रत्येक आळीत असते आणि त्याच्याविषयी मत देणारे आमच्यासारखे पुष्कळ असतात, हे त्याचे कारण.

प्रथम डॉक्टर निदान कसे करतात ते पाहू. सामान्य माणसाची समजूत अशी की, रोग म्हटला की त्याची तपासणी असावयाचीच. रक्त काढावे, छायाचित्र घ्यावे, आणि आहे की नाही ते कळावे. या विकारास तशी तपासणी नाही. विकार कुटुंबांतून चालत येतो हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून पक्के झाले आहे आणि आनुवंशिकतेचा वाटा त्यात फार मोठा आहे. तरीही एका विशिष्ट मुलाच्या बाबतीत उत्तर देईल अशी रक्ताची वा मेंदूची कोणतीही चाचणी आज उपलब्ध नाही. डॉक्टरांना साक्षीपुराव्यावरच निर्णय करावा लागतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली छापलेल्या नियमावलीत अवधानाची नऊ लक्षणे आणि चांचल्याची व उतावीळपणाची नऊ लक्षणे दिली आहेत. मुलांत दोहोंपैकी एका गटातील किमान सहा लक्षणे दिसली पाहिजेत. ती सहा महिने टिकलेली असावीत, वयाच्या बारा वर्षांपूर्वी त्यांपैकी काही उमटलेली असावीत, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावीत. या सर्वांवर एक अट आहे: त्या लक्षणांमुळे मुलाच्या शिक्षणात, मैत्रीत किंवा रोजच्या जगण्यात खरोखर बाधा येत असली पाहिजे.

वकिली करणाऱ्यास ही पद्धत परकी वाटत नाही. एकट्या साक्षीदारावर विसंबू नये, एका दिवसाच्या वर्तनावरून माणूस ठरवू नये, आणि दुसरे कारण संभवत असेल तर ते आधी तपासावे, हे आमच्याही धंद्याचे नियम आहेत. चांगला डॉक्टर मुलाचे कान व डोळे तपासून घेतो, झोप पुरेशी होते काय हे विचारतो, घरात कलह वा मृत्यू झाला आहे काय याची चौकशी करतो. कारण अपुरी झोप, भीती किंवा दुःख यांनीही मूल असेच वागू शकते. ज्या मुलाचे चित्त केवळ गणिताच्या तासाला उडते आणि इतरत्र ठिकाणावर असते, त्याचा प्रश्न गणिताचा वा गणिताच्या मास्तरांचा असण्याचा संभव अधिक. दहा मिनिटांच्या भेटीत निदान करून गोळी लिहून देणारा वैद्य हा पुरावा न ऐकता निकाल देणाऱ्या न्यायाधीशासारखाच होय, आणि त्याच्याविषयी डॉक्टरांचीच तक्रार सर्वांत मोठी असते.

आता या विकाराचे नाव. ते अनेकदा बदलले, म्हणून हा रोगच बनावट आहे असे म्हणणारे लोक आहेत. १७९८ साली अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटलंडच्या वैद्याने आपल्या ग्रंथात अवधान टिकविता न येणाऱ्या माणसांचे वर्णन केले. १९०२ साली लंडनच्या वैद्यमहाविद्यालयात जॉर्ज स्टिल यांनी व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांविषयी ते बोलले आणि या अवस्थेला त्यांनी 'नैतिक नियंत्रणातील उणीव' म्हटले. हे शब्द आज कानाला कठोर लागतात. परंतु स्टिल यांनी अशा मुलांना पाद्र्याच्या वा पोलिसाच्या स्वाधीन करण्याऐवजी वैद्याच्या विचाराचा विषय केले, ही पुढची पायरी होती. अमेरिकेच्या नियमावलीत १९६८ साली हे नाव 'बालपणीची अतिक्रिय प्रतिक्रिया' असे होते. १९८० साली भर चांचल्यावरून अवधानावर आला. १९८७ साली आजचे नाव रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानेही आपला जुना शब्द सोडून २०२२ पासून अमलात आलेल्या आवृत्तीत हेच नाव घेतले. नाव बदलले म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. आपल्याकडेही वेडाविषयीच्या कायद्यात १९१२ साली एक शब्द होता, १९८७ साली दुसरा आला आणि २०१७ साली तिसरा. माणसे तीच होती. त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलत होती.

परंतु संशयवाद्यांचा दुसरा आक्षेप याहून भारी आहे, आणि तो डॉक्टरांनीच पुढे आणलेल्या पुराव्यावर उभा आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही सीमा आहे. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल वर्गात सर्वांत मोठे आणि डिसेंबरात जन्मलेले सर्वांत लहान असते. तेथील नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली संशोधकांनी असे दाखविले की, जानेवारीतील मुलग्यांपेक्षा डिसेंबरातील मुलग्यांना हे निदान मिळण्याचे प्रमाण ३० टक्क्यांनी अधिक आहे. मुलींमध्ये तर ७० टक्क्यांनी. जन्माचा महिना काही रोग देत नाही. तेव्हा यांतील काही मुले केवळ वयाने लहान होती आणि त्यांचे बालपणच विकार म्हणून नोंदले गेले, असाच याचा अर्थ होतो. आपल्याकडेही एकाच वर्गात जवळजवळ वर्षाच्या अंतराची मुले बसतात. सहा वर्षांच्या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. पण हजेरीपटावर ते दिसत नाही.

मग विकार कोठे सुरू होतो आणि स्वभाव कोठे संपतो? हा या विषयाचा गाभा आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाच्या चंचलतेची तक्रार केली आहे, आणि ती एका महावीराची तक्रार आहे. भगवंतांनी ती नाकारली नाही आणि त्याबद्दल त्याला दूषणही दिले नाही. अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले. चांचल्य हा तर मनुष्यमात्राचा धर्म. तेव्हा आजीने "बाळकृष्णाने काय कमी खोड्या केल्या?" असे विचारले, तर तिचे काय चुकले?

डॉक्टरांचे उत्तर असे की, रक्तदाबही प्रत्येकास असतो. १२० आणि १६० या आकड्यांत जातीचा भेद नाही, प्रमाणाचा आहे. पण १६० चा रक्तदाब वर्षानुवर्षे राहिला तर माणसाचे नुकसान होते, म्हणून आपण तेथे रेघ ओढतो. रेघ आपण ओढलेली आहे, नुकसान मात्र आपण कल्पिलेले नाही. लक्ष न लागणे आणि थारा नसणे या गोष्टी सर्व मुलांत कमी-अधिक असतात. शंभरांत सुमारे पाच मुलांत त्या इतक्या टोकाच्या असतात की त्यांचे जगणे त्यांनी अडते. अशा मुलांचे अपघात अधिक होतात, शाळा अधिक सुटते, मित्र कमी टिकतात. मुलींमध्ये चांचल्याऐवजी पुष्कळदा नुसती शून्य नजर आढळते. ती कोणासच त्रास देत नाही, म्हणून तिचे दुखणे कोणी पाहत नाही. याचा अर्थ असा की, एकीकडे काही मुलांवर हा शिक्का उगाच बसतो आणि दुसरीकडे काहींना मदतीची गरज असूनही ती मिळत नाही. दोन्ही अन्याय एकाच गावात, एकाच शाळेत नांदू शकतात. विचारी डॉक्टरांत वाद आहे तो रेघ कोठे ओढावी याविषयी. रेघेपलीकडे कोणीच नाही असे म्हणणारे त्यांच्यात फार थोडे.

आता गोळीचा प्रश्न. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. त्यांतील सुमारे निम्म्या मुलांचा शाळेतील अभ्यास ठळकपणे सुधारला. चळवळ्या मुलास उत्तेजक द्यावे ही गोष्ट विपरीत दिसते, आणि आईबापांना वाटते की मूल यामुळे एक तर पेटेल नाही तर गुंगेल. आज सर्वाधिक वापरले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथे तयार झाले आणि १९५४ पासून ते बाजारात आहे. ते झोप आणणारे नाही. मेंदूत डोपामिन व नॉरअॅड्रेनलिन ही जी द्रव्ये एका पेशीचा निरोप दुसरीस पोहोचवितात, त्यांचा प्रभाव ते वाढविते. त्यामुळे मनातील लगाम हातात येण्यास साहाय्य होते. साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास राहतो. उत्तेजक औषधांचा गुण दहांपैकी सुमारे सात मुलांना येतो. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, नाडी व रक्तदाब किंचित वाढणे, हे त्याचे उपद्रव होत. भारतात हे औषध अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील मनःप्रभावी द्रव्यांच्या अनुसूचीत आहे. म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही, आणि मिळू नये.

औषधाचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोहोंचा उत्तम दाखला एकाच अभ्यासात आहे. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. चौदा महिन्यांनंतर असे दिसले की, काळजीपूर्वक दिलेले औषध केवळ वर्तनशिक्षणापेक्षा मूळ लक्षणांवर अधिक गुणकारी ठरले. औषध व शिक्षण दोन्ही दिले तेव्हा मात्रा कमी लागली. औषधाचे समर्थक येथेच थांबतात. परंतु तीच मुले पुढे पाहिली गेली, आणि २००७ साली कळविण्यात आले की तीन वर्षांनी त्या गटांतील फरक उरला नव्हता. औषध घेत राहिलेल्यांची उंचीही थोडी कमी वाढली होती. पहिल्या निष्कर्षाने दुसरा खोटा ठरत नाही, आणि दुसऱ्याने पहिला. औषध हातात काही काळ शांतता देते. त्या शांततेत घर आणि शाळा काय करतात, यावर पुढचे अवलंबून आहे.

म्हणूनच देशोदेशीच्या वैद्यांत येथे मतभेद आहे. इंग्लंडच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार पाच वर्षांवरील मुलासाठी आधी आईबापांना माहिती व आधार द्यावा आणि भोवतालची व्यवस्था बदलून पाहावी. त्यानंतरही ठळक बाधा उरली तरच औषध द्यावे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांची २०१९ ची मार्गदर्शिका सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी औषध आणि वर्तनशिक्षण ही जोडीनेच सुचविते. त्याहून लहान मुलांसाठी मात्र दोन्हीकडे एकमत आहे: आधी शिकवायचे ते आईबापांना. डॉक्टर पुष्कळदा चष्म्याची उपमा देतात. नजर अधू असेल तर चष्मा लावण्यात लाज कसली, असे ते विचारतात. उपमा उपयोगी आहे, पण पुरी नाही. चष्मा भूक मारीत नाही आणि तो लावण्यापूर्वी दोन ठिकाणच्या साक्षी घ्याव्या लागत नाहीत. गोळी देणे हे पाप नव्हे; परंतु ती देणाऱ्याने भूक, झोप, उंची यांचा हिशेब ठेवावयाचा असतो, आणि गरज उरली आहे काय हे वेळोवेळी पुन्हा विचारावयाचे असते. न्यायालयाचा निकाल अपील संपल्यावर कायम होतो. डॉक्टरांचे निदान मात्र मूल वाढत असेतो फेरतपासणीस खुले राहिले पाहिजे.

राहिला त्या गृहस्थांचा पहिला आणि अधिक अवघड प्रश्न: मारण्याचा. मुलाच्या जबाबदारीविषयी कायदा काय म्हणतो? १८६० च्या दंडविधानात जे होते तेच २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २० व २१ मध्ये आहे. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध नव्हे; सात ते बारा या वयात, कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता आली नसेल तर अपराध नव्हे. कायदा समजेवर भर देतो. परंतु आमच्या समोरचा मुलगा समजत नव्हता असे नाही. कीर्तनात धावू नये हे त्याला विचारले असते तर त्याने अचूक सांगितले असते. त्याच्या ठिकाणी उणीव होती ती कळणे आणि आवरणे यांच्या मधल्या जागेत. त्या जागेसाठी कायद्यात वेगळे कलम नाही, आणि आपल्या रोजच्या बोलण्यातही शब्द नाही; म्हणून आपण तिला 'मस्ती' म्हणतो.

मग निदान झाले की मूल सर्व जबाबदारीतून सुटले काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि समंजस डॉक्टरही तसे म्हणत नाहीत. मराठीत 'कारण' आणि 'सबब' हे दोन वेगळे शब्द आहेत. निदानाने कारण सांगितले जाते. त्याची सबब करू नये. समई कलंडली तर तेल पुसण्यास मुलाने हात लावलाच पाहिजे. परंतु शिक्षेचे जे काम आपण मानतो, म्हणजे पुढच्या वेळी आठवण होऊन हात आवरणे, ते येथे होत नाही. कारण आठवण यायला जो एक क्षण थांबावे लागते, तो क्षणच या मुलापाशी नसतो. कालचा मार त्याला दुखतो, पण उद्या धरून ठेवीत नाही. त्याला लागते ते लगेच मिळणारे लहानसे फळ: नीट वागल्याबरोबर शाबासकी, चुकल्याबरोबर छोटी तोशीस, एका वेळी एकच सूचना, आणि बसण्याच्या मधे उठण्याची मुभा. आईबापांना शिकवितात ते हेच. म्हणजे ती थोबाडीत निर्दय होती की नव्हती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ती निरुपयोगी होती हे निश्चित.

येथे समाजाचाही संबंध येतो. स्वीडनमध्ये हे निदान झालेल्या २५,००० हून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून २०१२ साली असे प्रसिद्ध झाले की, औषध चालू असताना त्यांच्यातील गुन्ह्यांचे प्रमाण, औषध नसतानाच्या त्यांच्याच काळापेक्षा, पुरुषांत ३२ व स्त्रियांत ४१ टक्क्यांनी कमी होते. हा नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आहे. औषध घेण्याच्या काळात इतर आधारही मिळत असतील, म्हणून त्याला अंतिम पुरावा म्हणू नये. तथापि फौजदारी न्यायालयात उभा असलेला एखादा उतावीळ तरुण पाहिला की आता आमच्या मनात येते: याला आठव्या वर्षी कोणी धाकापलीकडे काही दिले होते काय?

त्या गृहस्थांना आम्ही शेवटी जे सांगितले ते असे. वस्तुस्थिती न कळल्यामुळे, सद्‍बुद्धीने, हातून जे घडते त्याला कायदाही क्षमा करतो. तुम्हांस ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यावर तुम्ही हात आवरलात. आजीने दृष्ट काढली त्यातही एक शहाणपण होते: दोष मुलाचा नव्हे, त्याला बाहेरून काही बाधले आहे, एवढे तिने मानले होते. तिच्या उपायाने गुण आला नाही, पण तिने मुलाला वाईट म्हटले नाही. देवीने उजवा कौल दिला तो तुमच्या धीरासाठी दिला असे समजा, आणि तोच धीर घेऊन डॉक्टरांकडे जा. क्षमा मागावयाचीच असेल तर ती आम्ही मागावयास हवी. वकिली करून, दुसरी बाजू ऐकल्यावाचून, कोणी विचारले नसता, आम्ही निकाल दिला होता. तुम्हांस त्या क्षणी लाज वाटत होती, राग आला होता. आम्हांस तसले काही कारण नव्हते.

त्यांनी दोन वर्षे औषध दिले; मग डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी केले, एकदा थांबविले, दहावीच्या वर्षी पुन्हा सुरू केले. मुलगा बरा झाला असे म्हणता येणार नाही. तो वाढला. देवळाच्या मंडळींनी त्याला उत्सवात अब्दागिरी धरण्याचे काम दिले आहे. पालखी चालत असते, त्यालाही चालावयास मिळते, आणि त्या कामात त्याची चूक होत नाही. कीर्तनात मात्र अजून त्याचा जीव तासभर एका जागी राहत नाही. गेल्या उत्सवात पूर्वरंगाच्या मध्यावरच तो उठला. वडिलांनी वर पाहिले, काही बोलले नाहीत. आम्ही पाय जवळ घेतले आणि त्याला वाट दिली.